पक्षाघातानंतरचा प्रलाप : वातप्रकोप म्हणण्यापूर्वी

पक्षाघाताचा रुग्ण आज आपल्याकडे पहिल्या दिवशी क्वचितच येतो. तो येतो रुग्णालयातून घरी सोडल्यानंतर, आठव्या-दहाव्या दिवशी, हातात औषधांची चिठ्ठी आणि सी. टी. स्कॅनचे पाकीट घेऊन. नातेवाइकांची अपेक्षा हात-पाय हलू लागावेत एवढीच असते आणि आपलेही सारे लक्ष त्या निकामी झालेल्या अर्ध्या अंगाकडे लागलेले असते. अशा वेळी रुग्ण रात्री बरळू लागला, अंथरुणातून उठण्याची धडपड करू लागला, मुलाला ओळखेनासा झाला, तर ते 'आजाराचेच एक अंग' समजून सोडून दिले जाते किंवा झोपेची एखादी गोळी देऊन झाकले जाते. या दोन्ही गोष्टी रुग्णाच्या जिवावर बेतू शकतात. आमच्या हातून यातील दुसरी चूक घडलेली आहे. तीच प्रथम सांगतो.

साधारण सत्तरीचे एक शेतकरी गृहस्थ. मेंदूच्या उजव्या बाजूस रक्तवाहिनी अवरुद्ध होऊन डावे अंग गेलेले. आठ दिवस रुग्णालयात राहून घरी आले. अकराव्या दिवशी आम्हांस बोलावणे आले. पत्नी म्हणाल्या, "डॉक्टर, दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. बैल सोडा म्हणतात, मेलेल्या भावाशी बोलतात. दिवसा मात्र गुंगीत असतात." घरात बाहेरच्या बाधेची चर्चा सुरू झाली होती. आम्ही नाडी पाहिली, जिव्हा पाहिली, रक्तदाब मोजला. अस्वप्न, अतिप्रलाप, अनवस्थितचित्तत्व ही लक्षणे चरकाचार्यांनी वाताच्या नानात्मज विकारांत गणलेली आहेत, व्याधी मुळात वातव्याधी, वय वाताचे. निदान सरळ वाटले. सर्पगंधा घनवटी रात्री दोन आणि भ्रम व दाहासाठी सूतशेखर अशी योजना केली. 'लघवी कशी आहे?' असे विचारले होते. 'सारखी होते, लंगोट बदलून थकलो,' असे उत्तर मिळाले व आम्ही पुढे गेलो.

दुसऱ्या रात्री प्रकृती अधिकच बिघडली. रुग्ण हवेतून काहीतरी वेचू लागला, चादर कुरतडू लागला, तोंड कोरडे, नाडी द्रुत. सकाळी जाऊन आम्ही प्रथमच पोटावर हात ठेवला. नाभीपर्यंत टणक, गोल उंचवटा. बस्ती तुडुंब भरलेला होता. 'सारखी होणारी लघवी' म्हणजे भरून वाहणाऱ्या घागरीचे थेंब होते. जवळच्या रुग्णालयात नळी घालून सुमारे एक लिटर मूत्र काढले गेले. पौरुषग्रंथी वाढलेली होतीच. त्यात अंगाच्या आगीसाठी रात्री अमिट्रिप्टिलीन सुरू होते, जे मूत्र अडवते. त्यावर आम्ही सूतशेखराच्या रूपाने धोत्र्याचे बी आणि सर्पगंधा घनवटीच्या रूपाने खुरासनी ओवा घातला. ही दोन्ही द्रव्ये तेच कार्य करतात आणि प्रलापही उत्पन्न करतात. आमच्या गोळ्या आम्ही त्याच क्षणी थांबविल्या, तेथील चिकित्सकांनी अमिट्रिप्टिलीन बंद केले. तिसऱ्या रात्री रुग्ण सहा तास झोपला आणि सकाळी त्याने मुलास नावाने हाक मारली.

मराठीत ज्वरात किंवा गंभीर आजारात बरळणाऱ्या माणसाबद्दल 'त्याला वात झाला' असे म्हणतात. शब्दप्रयोग जुना व अर्थपूर्ण आहे, परंतु वैद्याने तो निदान म्हणून स्वीकारला की घात होतो. प्रलापात वात प्रकुपित असतो हे खरेच. प्रश्न तो कशाने प्रकुपित झाला हा आहे. निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे पहिले पाऊल आपण विद्यार्थ्यांना शिकवतो आणि नेमके येथेच विसरतो. सन्निपातज्वराचे वर्णन पुन्हा वाचून पाहावे. तंद्रा, मोह, प्रलाप, दिवसा गाढ झोप व रात्री जागरण, कधी अखंड निद्रा तर कधी निद्रेचा सर्वथा अभाव, हे सारे तेथे एकत्र दिलेले आहे. आधुनिक वैद्यक ज्याला डेलिरियम म्हणते त्याच्याशी हे चित्र विलक्षण जुळते. आमच्या मते पक्षाघातोत्तर प्रलापाकडे केवळ वातज लक्षण म्हणून न पाहता सान्निपातिक अवस्था म्हणून पाहावे. म्हणजे वैद्य आपोआप सावध होतो, कारण सन्निपात हा शब्द ऐकताच आपण रुग्णास एकटे सोडत नाही.

ही अवस्था विरळा नाही. पक्षाघाताने रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्यास ती होते, असे निरनिराळ्या अभ्यासांचे एकत्रित अनुमान आहे. बहुतेकांत ती पहिल्या आठवड्यात दिसते. परंतु घरी आल्यावर नवे कारण घडले तर नव्याने उद्भवते. वय जास्त, पूर्वीपासून स्मृतिभ्रंश, दृष्टी वा श्रवण कमी, मेंदूतील इजा मोठी, अशांना धोका अधिक. ज्यांना प्रलाप होतो त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण अधिक असते, रुग्णालयातील मुक्काम लांबतो आणि पुढे बुद्धिमांद्य राहण्याची शक्यता वाढते. म्हणून ही 'दोन रात्रींची कटकट' नव्हे.

ओळखावे कसे

चार गोष्टी पाहाव्यात. अवस्था अचानक, तासांत किंवा एक-दोन दिवसांत, उद्भवली आहे काय व दिवसभरात कमी-जास्त होते काय? रुग्णाचे लक्ष एका ठिकाणी टिकत नाही काय? बोलण्यात-विचारात विस्कळीतपणा आहे काय? शुद्धीची पातळी बदलली आहे काय, म्हणजे अतिजागृत किंवा गुंगीत? पहिल्या दोन गोष्टी आणि उरलेल्या दोहोंपैकी एक असल्यास डेलिरियम समजावे. शॅरन इनुये या चिकित्सिकेने व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 साली ही पद्धती मांडली आणि ती आजही जगभर वापरली जाते. तिला कोणतेही यंत्र लागत नाही, पाच मिनिटे लागतात.

लक्ष तपासण्यासाठी आम्ही वार उलटे म्हणवून घेतो. शनिवारपासून रविवारपर्यंत मागे येताना प्रलापी रुग्ण दोन वारांत भरकटतो. वाचा गेलेल्या रुग्णात हे शक्य नसते. तेथे निरोगी बाजूचा हात हातात घेऊन सांगावे, "मी आकडे म्हणतो, सात आला की हात दाबा." आकडे सावकाश, सरमिसळ म्हणावेत. ज्याचे लक्ष शाबूत आहे तो बोलू न शकताही बरोबर दाबतो. मात्र ज्याला ऐकलेल्या शब्दाचा अर्थच कळत नाही अशा रुग्णात हीही परीक्षा निकामी ठरते. असा रुग्ण भरभर, अर्थहीन बोलतो व ऐकणाऱ्यास तो प्रलापच वाटतो. भेद एवढाच की वाचाघात पहिल्या दिवसापासून असतो, दिवसभर सारखाच राहतो आणि रुग्ण चेहऱ्याने, नजरेने सावध असतो. डावे अंग गेलेल्या काही रुग्णांना डावी बाजू जाणवतच नाही. 'हा हात माझा नाही' असेही ते म्हणतात. तोही प्रलाप नव्हे. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी वाढतो, उन्मादाचा इतिहास घरचे सांगतात. शंका राहिली तर प्रलापच समजून कारण शोधावे, त्यात नुकसान नाही.

सर्वांत फसवा प्रकार म्हणजे शांत प्रलाप. रुग्ण ओरडत नाही, उठत नाही. पडून असतो, हाक मारल्यास डोळे उघडतो, घास तोंडात धरून ठेवतो, पुन्हा मिटतो. घरच्यांना वाटते, आराम पडला. आमच्या एका वृद्ध रुग्णेच्या सुनेने आम्हांस फोनवर सांगितले होते, "आई आता अगदी त्रास देत नाहीत." आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो. ताप नव्हता, खोकलाही नव्हता, फक्त श्वास मिनिटास तीसच्या वर होता. पेज भरवताना श्वासनलिकेत उतरून फुप्फुसशोथ झालेला होता. लगेच रुग्णालयात नेले, पण त्या वाचल्या नाहीत. वार्धक्यात ज्वराशिवाय जंतुसंसर्ग होतो आणि त्याचे पहिले, कधी कधी एकमेव, लक्षण बुद्धी मंदावणे हेच असते. तेव्हापासून 'शांत झाले' हा निरोप आला की आम्ही त्याच दिवशी जातो.

कारण कोठे शोधावे

प्रथम साखर. मधुमेहाच्या गोळ्या पूर्वीच्याच मात्रेत चालू असतात आणि रुग्ण मात्र चार चमचे पेज घेत असतो. ग्लायमेपिराइडसारख्या औषधाने साखर घसरते, घाम येतो, बरळणे सुरू होते. ग्लुकोमीटर आता बहुतेक चिकित्सालयांत असतो. प्रलापाच्या रुग्णाकडे जाताना तो पिशवीत असलाच पाहिजे. त्यानंतर श्वासगती, तापमान, रक्तदाब, आणि उपलब्ध असेल तर बोटावरील ऑक्सिजनमापक.

मग ओटीपोटावर हात. वर सांगितलेल्या प्रसंगानंतर आम्ही हा क्रम कधी मोडलेला नाही. मूत्र तुंबलेले आहे काय, नळी असल्यास ती अडली आहे काय, मूत्र गढूळ आहे काय, मल किती दिवस झाला नाही, गुदात खडे साचले आहेत काय? अपानाचा अवरोध झाला की वात ऊर्ध्वगामी होऊन मन क्षुब्ध करतो, हे आपण ग्रंथात वाचतो. प्रलापाच्या रुग्णात ते हाताला लागते.

सोडियम हा विषय आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. पक्षाघात झाला की घरात अळणी जेवण सुरू होते. कोणीतरी 'मीठ विष आहे' असे सांगितलेले असते. त्यात रक्तदाबाच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइडसारखे मूत्रल असते आणि मेंदूच्या इजेमुळेही शरीरातील जल व सोडियम यांचे संतुलन ढळते. रक्तातील सोडियम उतरले की प्रथम मळमळ, मग सुस्ती, मग प्रलाप, शेवटी आक्षेप. अशा रुग्णास घरी मिठाचे पाणी पाजून उपचार करू नयेत. सोडियम किती वेगाने वाढवायचे याला मर्यादा आहे आणि ती ओलांडल्यास मेंदूस कायमची इजा होते. रक्त तपासून रुग्णालयातच दुरुस्ती व्हावी. रक्तदाबासाठी मीठ कमी करणे योग्य, संपूर्ण बंद करणे नव्हे, एवढे मात्र आपण प्रत्येक घरी सांगू शकतो.

मद्याबद्दल एकांतात विचारावे. रोज पिणारा माणूस रुग्णालयात गेला की त्याचे पिणे एकाएकी सुटते. साधारण दोन ते चार दिवसांत कंप, घाम, भास व तीव्र प्रलाप सुरू होतो. घरातील मंडळी लाजेपोटी सांगत नाहीत. हा प्रकार प्राणघातक आहे, त्याची औषधे वेगळी आहेत आणि त्यात थायामीन द्यावे लागते. त्यास रुग्णालयाखेरीज गत्यंतर नाही.

अचानक तीव्र डोकेदुखी, वांती, नवीन दुर्बलता, शुद्ध झपाट्याने हरपणे, चेहऱ्याचे वा बोटांचे झटके, यांपैकी काहीही असल्यास विचार करीत बसू नये. पहिल्या इजेच्या जागी रक्तस्राव, नवा पक्षाघात किंवा अपस्माराचा आवेग असू शकतो. अवरोध विरघळविणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. म्हणून लक्षणे कधी सुरू झाली, रुग्ण शेवटचा ठीक केव्हा दिसला, याची नोंद वैद्याने चिठ्ठीवर करूनच रुग्ण पाठवावा.

आपल्या औषधांविषयी

हा भाग वैद्यांइतकाच औषधी विक्रेत्यांसाठी आहे. 'आयुर्वेदिक आहे, अपाय नाही' हे वाक्य दुकानात सहज बोलले जाते. धोत्र्याच्या विषाची लक्षणे आपण सर्वांनी अगदतंत्रात पाठ केलेली आहेत: मुखशोष, विस्फारित बाहुल्या, उष्ण व शुष्क त्वचा, मूत्ररोध, वस्त्र चाचपडणे, प्रलाप. सूतशेखर, नारदीय लक्ष्मीविलास, कनकासव या नित्याच्या कल्पांत धोत्रा आहे. मात्रा अल्प व द्रव्य शोधित असल्याने तरुण रुग्णात काही घडत नाही. परंतु पंच्याहत्तरीच्या पक्षाघाती रुग्णात, ज्याला आधीच अमिट्रिप्टिलीन, कंपवाताची ट्रायहेक्सिफेनिडिल, मूत्रनियंत्रणाची ऑक्सिब्युटिनिन किंवा साधी सर्दीची क्लोरफेनिरामिन चालू आहे, त्यात ही भर निर्णायक ठरू शकते. सर्व एकाच दिशेने ओढतात. सर्पगंधा घनवटीच्या प्रचलित पाठात सर्पगंधेबरोबर खुरासनी ओवा व भांगही असते. शिवाय सर्पगंधेतील रेसर्पीन रक्तदाब उतरवते. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली सर्पगंधेच्या रक्तदाबावरील उपयोगाचा जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यामुळे ही वनस्पती जगास परिचित झाली, याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. पण ज्याच्या मेंदूचा एक भाग रक्तावाचून तडफडत आहे व ज्याला रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालूच आहेत त्याला ती झोपेसाठी देणे हा अभिमानाचा विषय नाही.

धत्तूर, भांग, पारसिक यवानी, वत्सनाभ, कुचला ही द्रव्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या परिशिष्ट ई (1) मध्ये समाविष्ट आहेत. त्यांच्या कल्पांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापलेली असते. ती छापील सूचना विक्रेत्याने तोंडाने उच्चारावी, एवढीच आमची विनंती आहे. 'झोपेची आयुर्वेदिक गोळी द्या' म्हणणाऱ्यास दोन प्रश्न विचारावेत: कोणासाठी, आणि त्यांना दुसरी कोणती औषधे चालू आहेत? उत्तरात पक्षाघात किंवा वृद्ध असा शब्द आला तर गोळी न देता वैद्याकडे पाठवावे. एका गिऱ्हाइकाचे पन्नास-शंभर रुपये जातील.

कुचल्याबद्दल वेगळे सांगावेसे वाटते. निकामी अंगात बळ यावे म्हणून विषतिंदुक वटी देण्याचा प्रघात आहे. कुचल्यातील स्ट्रिकनीन आक्षेपकारक आहे आणि पक्षाघातानंतर आक्षेपांचा धोका मुळातच वाढलेला असतो. प्रलाप असताना ते देऊ नये. ज्येष्ठमधाने पोटॅशियम घटते व रक्तदाब चढतो. मूत्रल गोळीबरोबर तर अधिकच. आसवारिष्टांत स्वयंजनित मद्य असते हे मद्यपी रुग्णात विसरू नये.

द्रव्यांइतकेच कर्मांबाबतही तारतम्य हवे. पक्षाघातात विरेचन हा शास्त्रोक्त उपक्रम आहे व आम्ही तो करतो. परंतु प्रलाप असताना, पाणी पुरेसे पोटात जात नसताना, मूत्रल चालू असताना विरेचन दिल्यास जल व क्षार यांचा ऱ्हास होऊन प्रलाप वाढतो. बल पाहिल्याशिवाय शोधन नाही हा नियम येथे अक्षरशः पाळावा. गिळण्यास त्रास असलेल्यास औषधी घृत पाजू नये व नस्यही करू नये. स्नेह फुप्फुसात उतरला तर निघत नाही. शिरोधारेसाठी रुग्णास तासभर उताणे झोपवावे लागते, भ्यालेल्या रुग्णास ते कोंडल्यासारखे वाटते. ती नंतर.

मग करावे काय

कारण दूर करणे हीच मुख्य चिकित्सा, आणि तिच्या जोडीला परिचर्या. चतुष्पादांत परिचारकास जे स्थान आहे ते या अवस्थेत विशेष जाणवते. इनुये यांच्याच पुढाकाराने अमेरिकेत 852 वृद्ध रुग्णांवर झालेला अभ्यास 1999 साली प्रसिद्ध झाला. ते रुग्ण पक्षाघाताचे नव्हते, सर्वसाधारण होते. दिवसाची ओळख करून देणे, झोप, हालचाल, चष्मा, श्रवणयंत्र, पुरेसे पाणी, एवढ्याच गोष्टी नेटाने केल्याने डेलिरियमचे प्रमाण 15 टक्क्यांवरून 9.9 टक्क्यांवर आले. त्यात औषध एकही नव्हते.

आम्ही घरच्यांना सांगतो ते असे. चष्मा, कवळी, कानाचे यंत्र रुग्णालयाच्या पिशवीतून काढून रुग्णास लावा. अंथरूण खिडकीजवळ घ्या, दिवसा उजेड, रात्री एक मंद दिवा. समोर घड्याळ व कालनिर्णय टांगा. ओळखीचे एकच माणूस जवळ बसवा. भेटीला येणाऱ्यांची रीघ थांबवा. ते जे चुकीचे बोलतात त्यावर वाद घालू नका, हसूही नका. "मी तुमचा धाकटा, आपण घरी आहोत, आज गुरुवार" असे सावकाश सांगा. हात-पाय बांधू नका. बांधल्याने भीती वाढते व इजा होते. दिवसा दोन वेळा आधार देऊन बसवा, भरवताना पूर्ण बसवूनच, छोटे घास, आणि नंतर अर्धा तास आडवे करू नका. रात्रीच्या गोळ्या शक्य तेवढ्या एका वेळी आणा म्हणजे मध्यरात्री उठवावे लागणार नाही.

झोपेसाठी आम्ही पादाभ्यंगावर भर देतो. कोमट तिळतेल, काशाची वाटी, दोन्ही तळव्यांना दहा-दहा मिनिटे, आणि तेही रोजच्याच माणसाच्या हाताने. निकामी बाजूची संवेदना कमी असल्याने तेलाची उष्णता प्रथम आपल्या मनगटावर पाहावी. मूत्ररोध, संसर्ग, साखर, सोडियम यांचा निरास झाल्यावर मलावरोध असेल तर अल्प मात्रेची मात्राबस्ती उपयोगी पडते.

इतके करूनही रुग्ण स्वतःस इजा करण्याइतका अनावर असेल तर अल्प मात्रेत शामक औषध देण्याचा निर्णय रुग्णालयातील तज्ज्ञांवर सोपवावा. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या घरात पडून असतात, शेजारी आणून देतात. मद्यत्यागजन्य प्रलाप वगळता त्यांनी प्रलाप वाढतो हे घरच्यांना बजावून सांगावे.

प्रलाप ओसरल्यावरही लक्ष व स्मृती पूर्ववत होण्यास काही आठवडे लागतात. त्या काळात रुग्णास त्या रात्रींचे तुटक स्मरण असते व त्याची त्याला लाज वाटते. वर सांगितलेल्या शेतकरी गृहस्थांनी महिन्यानंतर आम्हांस हळूच विचारले, "मी वेडा झालो होतो का हो?" लघवी तुंबली होती, त्याने तसे झाले, असे सांगितल्यावर त्यांचा चेहरा उजळला. मूत्राची नळी निघाल्यानंतर व दोन वेळा सोडियम तपासून घेतल्यानंतरच आम्ही त्यांचे स्नेहन-स्वेदन सुरू केले. मृदू विरेचन सातव्या आठवड्यात दिले.